ब्लॉकच्या डमीतून कूलंट गळतंय : पुट्टी आणि इंजिन उतरवणे यांच्यामधलं काही आहे का?

वाडी_नाका
राजेहो, जरा सल्ला पाहिजे. जुनी डिझेल जीप आहे, २००६ ची, चार सिलिंडर, इंजिनचा ब्लॉक कास्ट आयर्नचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी टाकावं लागतं, पण खाली फरशीवर डबकं म्हणाल तर नाही. दोन-चार थेंब, बस. काल भर दुपारी कोंढाळीपर्यंत जाऊन आलो, येताना बाजारगावजवळ तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर.

घरी येऊन गाडी थंड होऊ दिली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली आरसा धरला. ब्लॉकच्या कुशीत ज्या गोल पत्र्याच्या डम्या ठोकलेल्या असतात, त्यातल्या मधल्या डमीच्या खालच्या कडेपासून तांबूस-पांढरा ओघळ उतरलाय, वाळून खपली झालेली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खपली उडवली, तर कडेतून एक थेंब हळूच फुगला आणि खाली गेला.

गॅरेजवाल्याने दोन रस्ते सांगितले. एक, वरून एपॉक्सी पुट्टी थापून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दोन, इंजिन खाली उतरवू आणि उतरवलंच आहे तर हाफ इंजिनचं काम (पिस्टन, रिंगा, बेअरिंग) करून घ्या. पहिल्यावर माझा विश्वास नाही, दुसऱ्याला खिसा नाही. मधलं काही आहे का?

नवतपा_४७
हळद टाका भाऊ. दोन मुठी. मामाचा ट्रक अख्खा मे महिना हळदीवर चालला होता.

जुना_मिस्त्री
हळदीनं गळती थांबते, खोटं नाही. पाण्यात फुगते आणि भोकाशी जाऊन बसते. पण भोक कोणतं आणि रेडिएटरची नळी कोणती, हे तिले कसं समजंल? बारीक जागा दिसली की बसली. पहिले हीटरची जाळी जाते, मग रेडिएटरच्या नळ्या. ट्रकचा रेडिएटर मोठा, त्याले खपून जाते. रात्रीची वेळ आहे, गाव वीस किलोमीटर दूर आहे, तर टाका, मीबी टाकीन. गाडी अंगणात उभी असताना कायले टाकता? लीक बंद करायच्या बाटल्या भेटतात, त्याहीचं तेच.

पुट्टीचं सांगतो. ती लागते कोरड्या, स्वच्छ, खरखरीत लोखंडावर. तुमच्या डमीवर ओल आहे, गंज आहे, तेलाची चिकट आहे, आणि आतून दाब तिले बाहेर ढकलून राहिला. आठवडाभर चालंल, मग नेमकी घाटातच सुटंल.

आणि वाडीकर भाऊ, हाफ इंजिनचं डमीसाठी काहीच कारण नाही. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडायचं कामच नाही ह्याच्यात.

मानकापूरची_ताई
थांबा, आधी डमीच गळतेय हे पक्कं करा. ओघळ एका जागी दिसतो आणि उगम भलतीकडे असतो. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून पाणी येतं आणि ब्लॉकच्या कडेने मागे सरकतं. हीटरच्या होजचा क्लॅम्प ढिला असला तरी पाणी नेमकं मॅनिफोल्डखाली येऊन थांबतं. हेड गॅस्केटच्या सांध्यातूनही असाच ओघळ येतो.

प्रेशर टेस्टर म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर झाकणाऐवजी बसणारा हातपंप, त्याला गेज असतो. इंजिन पूर्ण थंड, रेडिएटर काठोकाठ, आणि दाब तुमच्या झाकणावर जेवढा लिहिलाय तेवढाच. ०.९ लिहिलं असेल तर ०.९ बार, म्हणजे साधारण १३ पीएसआय. उत्साहात जास्त मारू नका, नाहीतर चांगला होजही फुटेल. मग काट्याकडे बघत बसू नका, टॉर्च आणि आरसा घेऊन फिरा.

डबकं का दिसत नाही ते असं, की गाडी चालत असते तेव्हा दाब असतो आणि ब्लॉकही तापलेला असतो. थेंब बाहेर येतो तो जागेवरच वाळतो, उरते ती खपली. थंड गाडीवर टेस्टर लावला की तेच पाणी पाणी म्हणून दिसतं. काटा पडतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर डिपस्टिक ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, तर हा धागाच बदलावा लागेल.

टेस्टर माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जा, पण ॲडॅप्टरचा डबा हरवू नका.

ऑरेंज_सिटी_डिझेल
एक शंका. या डम्या पाणी गोठलं की उडून जाव्यात आणि ब्लॉक वाचावा म्हणूनच असतात ना? आपल्याकडे कुठे बर्फ? मग वेल्डिंग मारून कायमच्या बंद केल्या तर काय बिघडलं?

फाउंड्री_काका
हिंगण्याला ओतकामात आयुष्य गेलं, म्हणून हे उत्तर मी देतो.

ब्लॉकच्या आत सिलिंडरभोवती पाण्याची जी पोकळी असते, ती ड्रिल मारून होत नाही. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा कोअर बनवतात, साच्यात ठेवतात आणि भोवती लोखंड ओततात. आता हा कोअर अधांतरी कसा राहणार? त्याला टेकू लागतो. म्हणून त्याचे कान बाहेर काढून साच्याच्या भिंतीत बसवतात. लोखंड थिजलं की त्या कानांच्या जागी ब्लॉकला भोकं राहतात. त्याच भोकांतून आतली जळलेली वाळू झाडून बाहेर काढायची, मग भोकं मशीनवर गोल करून त्यात पत्र्याच्या वाट्या ठोकायच्या. झाली तुमची डमी. ओतकामाची गरज म्हणून जन्मलेली वस्तू आहे ती.

पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं आणि कधीकधी डमी बाहेर ढकलली जाते, हे खरं. तेवढ्याने ब्लॉक वाचला तर नशीब. डमी जागेवर आणि ब्लॉकला तडा, असंही होतं. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. नागपूरचं तापमान २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर आलं होतं, तरी शून्य लांबच होतं. आपला शत्रू थंडी नव्हे, गंज.

आणि वेल्डिंगचं नावही काढू नका. कास्ट आयर्नला एका जागी एवढी उष्णता दिली की थंड होताना वेल्डच्या बाजूला बारीक तडा जातो. शंभर रुपयांची डमी वाचवायला गेलात आणि ब्लॉक घालवलात असं होईल.

जुनी डमी काढाल तेव्हा आत बोट घालून बघा. तळाच्या गाळात कधीकधी काळे, चमकणारे वाळूचे कण अजून सापडतात. आमच्यासारख्यांनी झाडायचे राहिलेले.

नवतपा_४७
काका, म्हणजे दोष तुमचाच निघाला 😄

वाडी_नाका
टेस्टर लावला. ताई, तुमचे आभार, डबा सुखरूप आहे. काटा सावकाश पण सारखा पडतो. मधल्या डमीच्या खालच्या कडेतून घाम आल्यासारखं पाणी येतं. पुढची डमी कोरडी वाटली, पण मधोमध गंजाची पुटकुळी आहे, बोटाने दाबली तर किंचित आत जाते. तिसरी गिअरबॉक्सच्या बाजूला, निम्मी लपलेली, ती कोरडी. बेलहाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं घर) खालच्या भोकातून काही येत नाही. ऑइल स्वच्छ.

घाटरोडवाला
सुट्या भागांचं दुकान आहे, पण इथे धंदा करत नाही, फक्त माहिती.

गाडीचं मॉडेल सांगून डमी मागू नका. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक माप बदललेलं मी पाहिलंय. जुनी डमी काढा, भोक साफ करा, व्हर्नियरने भोकाचा व्यास घ्या आणि तो आकडा घेऊन या. जुन्या डमीचं माप घेऊ नका, काढताना ती वाकलेली असते.

दोन जाती आहेत. एक वाटीसारखी, उभ्या काठाची. दुसरी नुसती फुगीर चकती, तिला काठ नसतो, ती भोकातल्या पायरीवर बसते आणि मधोमध ठोकल्यावर चपटी होऊन बाजूंना फाकते. तुमची वर्णनावरून वाटीवाली दिसते. जिथे वाटी तिथे वाटीच, चकतीच्या जागी चकतीच.

धातू म्हणाल तर साधं स्टील, पितळ, स्टेनलेस. पितळ गंजत नाही आणि मऊ असल्याने बसतं छान, पण ठोकताना काळजी घ्यावी लागते, वाकडी लवकर होते. मी तरी पितळच देतो. फरक किती, तर सगळ्या डम्या मिळून तर्री-पोह्याच्या चार प्लेटा. मजुरी मॅनिफोल्ड काढण्याची लागते, डमीची नाही. म्हणून हात पोचतोय त्या सगळ्या एकाच वेळी बदला. एक गळली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत आणि त्याच पाण्यात बुडालेल्या.

जुना_मिस्त्री
आता काम कसं करायचं ते लिहितो. घाई असंल तर करू नका, हे रविवारचं काम आहे.

आदल्या दिवशी मॅनिफोल्डच्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी परत मारा. ह्या कामात डमी त्रास देत नाही, मॅनिफोल्डचा स्टड देते, म्हणजे नट ज्याच्यावर बसते तो आट्यांचा दांडा. तुटला की ड्रिल, टॅप आणि अर्धा दिवस. नट हलत नसंल तर जोर लावू नका, थोडं आवळा, थोडं सोडा, पुढे-मागे करत काढा.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेडिएटर खालून सोडा, आणि ब्लॉकचा स्वतःचा ड्रेन प्लगही सोडा. तो बहुतेक गाड्याहीत गाळानं बुजलेला असते, प्लग काढला तरी पाणी येत नाही. वाकडी तार घालून टोचा, मग येते. तो नाही सोडला तर डमी फिरवताच सगळं पाणी तुमच्या बाहीत. कूलंट असंल तर घमेल्यात धरा आणि झाकून ठेवा. चवीले गोड असते, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.

डमी काढायची अशी. मधोमध ठोकायचं नाही. वाटीच्या आतल्या कडेजवळ, एकाच बाजूले, बोथट पंच ठेवून ठोका. ती बाजू आत जाते, समोरची बाहेर येते, डमी भोकात आडवी फिरते. आडवी झाली की प्लायरनं धरून भोकाच्या काठावर रेटा देऊन ओढा. पंच बोथट का, तर मागे दीड-दोन बोटांवर सिलिंडरची भिंत आहे. तिले खोच पडली तर मग तुमचा गॅरेजवाला खरा ठरंल.

पत्रा इतका सडला असंल की फिरायच्या आधीच फाटला, तर ड्रिलनं बारीक भोक, त्याच्यात पत्र्याचा स्क्रू, आणि स्क्रूले धरून ओढा. ड्रिल पत्रा ओलांडला की थांबा. पूर्ण डमी आत पडली तरी घाबरू नका, चुंबक आणि आकडा घेऊन बाहेर काढा. पण आत सोडून देऊ नका. काही लोक सोडतात. ती आत खुळखुळते आणि पाण्याची वाट अडवते.

मग भोकात नळीचं पाणी सोडा. जे येईल ते पाहून जेवण जाणार नाही. तारेनं कोपरे खरवडा, परत पाणी, स्वच्छ येईस्तोवर. त्याच्यानंतर भोकाची कड बारीक एमरीनं, गोल गोल. आडवे ओरखडे पाडू नका, पाणी त्याच ओरखड्यातून बाहेरचा रस्ता काढते. थिनरच्या फडक्यानं पुसा. हाताले गुळगुळीत लागलं पाहिजे. एखादा खड्डा असंल तर आत्ताच इथं विचारा, तसंच पुढे जाऊ नका.

सीलंट म्हणून गॅस्केट शेलॅक चालते, कूलंट आणि उष्णता सहन करणारं घट्ट होणारं कोणतंही चालते. पातळ हात, भोकाच्या कडेले आणि डमीच्या काठाले. थापू नका, आत गेलेला लोंदा रेडिएटरमध्ये जाऊन बसते.

ठोकायले पान्याच्या सेटातलं सॉकेट घ्या, वाटीच्या आत सैलसर मावंल असं, तळाच्या कडेजवळ टेकंल असं. काठावर ठोकाल तर काठ दुमडते आणि तोच तर सील करते. मधोमध ठोकाल तर तळ दबते आणि काठ आत ओढल्या जाते. डमी पहिले हातानं सरळ धरा, एक्स्टेन्शन लावून हलके टोले, दर दोन टोल्यांनी आरशात पाहा. वाकडी झाली तर वरून सरळ करत बसू नका, काढून फेका, नवीन घ्या. काठ भोकाच्या उताराच्या जरासा आत गेला की थांबा. आवाज बदलते तेव्हा, ठक्क होते. कान ठेवा.

सीलंटच्या पाकिटावर जितका वेळ लिहिला तितका वेळ पाणी भरू नका. मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीनच.

ऑरेंज_सिटी_डिझेल
मिस्त्रीभाऊ, हातोड्याला जागाच नसेल तर? माझ्या गाडीत चॅसीची पट्टी आडवी येते.

जुना_मिस्त्री
त्या बाजूचं इंजिन माउंट सोडा आणि जॅकनं इंजिन दोन बोटं उचला, जॅक आणि संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून. फॅन आणि होजकडे लक्ष ठेवा. तरी जागा नसंल तर मधोमध बोल्ट असलेला रबरी प्लग भेटते, बोल्ट आवळला की रबर फुगून बसते. पण तो काम भागवायले. रबर तापून कडक होते.

चंद्रपूर_कोळसा
मी ट्रकाच्या टायरांखाली आयुष्य घातलेला माणूस. एक विचारतो, रागावू नका. तुम्ही सगळे गंज गंज करून राहिले, मग कूलंट टाका म्हणणार. पण पाणीच तर जास्त थंड करते. आमच्या लाइनीत मे महिन्यात सगळे साधं पाणी टाकतात.

फाउंड्री_काका
रागावायचं काय, अर्धं बरोबर आहे तुमचं. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) मिसळलेल्या पाण्यापेक्षा सरसच आहे. पण ते उकळतं शंभरला, आणि निम्मं ग्लायकॉल घातलेलं उकळतं १०७ च्या आसपास. वर ०.९ चं झाकण धडधाकट असेल तर तोच आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश होतं. अशा दिवशी गाडी चढावर चालवताना तो फरक हिशेबात धरावा लागतो.

पण माझा मुद्दा उकळण्याचा नाहीच. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, साध्या पाण्यात नसतात. बोअरचं पाणी टाकलं तर क्षार वेगळे. ब्लॉकची भिंत जाड, ती वर्षानुवर्षं गंजली तरी टिकते. डमी म्हणजे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा. लोखंड दोन्हीकडे सारखंच गंजतं हो, फक्त पत्रा आधी संपतो. म्हणून ज्याच्या ट्रकची डमी गळते, त्याने पितळेची बसवून पुन्हा बोअरचं पाणी टाकलं, तर डमी टिकेल आणि गंज दुसरी जागा शोधेल. वॉटर पंपाचा पंखा, थर्मोस्टॅटचं घर, हीटरचा पाइप.

चंद्रपूर_कोळसा
वॉटर पंपाचा पंखा मागच्या साली झिजून बोटभर राहिला होता. आता समजलं काहून.

घाटरोडवाला
कूलंट घेताना रंग बघून घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हा कंपनीचा शौक आहे, दर्जा रंगात नसतो. डब्यावर आयएस ५७५९, म्हणजे कूलंटचं भारतीय मानक, लिहिलंय का बघा, आणि तयार मिसळलेलं आहे की घट्ट, ते वाचा. घट्ट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत टाकतो ते. नळाचं नको. जुन्या पद्धतीचं हिरवं दोनेक वर्षांत बदलायचं, लाँग लाइफवालं जास्त चालतं, डब्यावर असेल तसं. दोन जाती एकमेकांत ओतू नका.

वाडी_नाका
काम झालं. सगळं सांगतो.

मॅनिफोल्डचे नट सगळे सुटले, एकही स्टड तुटला नाही. मिस्त्रीभाऊंचं पुढे-मागे करणं कामी आलं. मधली डमी दोन टोल्यांत आडवी झाली. बाहेरून ती चांगली दिसत होती, उलटी करून पाहिली तर आतला तळ कागदासारखा पातळ आणि कड चाळणी. उन्हात धरली तर सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके चमकले. पुढची तर निघतानाच फाटली, स्क्रू लावून ओढली. ती अजून गळतही नव्हती!

ब्लॉकमधून जो गाळ निघाला तो पाहून आईने विचारलं, गाडीत विहीर आहे का. चहाच्या रंगाचा चिखल, त्यात खरंच काका म्हणाले तसे काळे कण. मागच्या बाजूला जास्त होता. भोकं स्वच्छ झाली, खड्डा नाही. दोन्ही ठिकाणी पितळेच्या वाट्या बसवल्या, शेलॅक लावून. दुसऱ्या दिवशी साधं पाणी भरून टेस्टर लावला, काटा जागचा हलला नाही. मग ते पाणी सोडून कूलंट भरलं.

तिसरी, गिअरबॉक्सजवळची, तशीच ठेवली आहे. आता प्रश्न असा, की कूलंट भरल्यावर हीटरमधून गार हवा येते आणि गाडी तापलेली असूनही काटा खालीच आहे. छान थंड चालतेय असं समजू का?

मानकापूरची_ताई
अजिबात समजू नका! आत हवा अडकली आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला हवा. तो हवेत लटकत असेल तर काटा खाली दाखवतो आणि इंजिन खरं तर उकळत असतं. गाडी बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. मग पुढची चाकं उंचावर चढवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येईल. हीटरची नॉब गरमवर. झाकण उघडं ठेवून सुरू करा, बुडबुडे येतील तसं भरत जा. वरचा होज हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी एकदम खाली बसेल, तेव्हा पुन्हा भरा. हीटरमधून गरम हवा आली की झाकण लावा. नंतर थंड गाडीवर पातळी रोज बघायची, निदान आठवडाभर. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको.

जुना_मिस्त्री
तिसरीचं बरोबर केलं. कोरडी आहे तोपर्यंत तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. क्लच प्लेट घासली की गिअरबॉक्स उतरणारच, तेव्हा ती आणि मागचं ऑइल सील दोन्ही घ्या. तोवर बेलहाऊसिंगच्या भोकाखाली सकाळी एक नजर टाका. तिथं ओल दिसली तर बोटानं पाहा, तेल असंल तर सील, गोडसर वासाचं पातळ असंल तर डमी. तिथंच कॅमशाफ्टच्या टोकालेही एक अशीच डमी असते काही इंजिनात, ती गळली तर तेल येते, पाणी नाही. मेकॅनिक लोक दोन्हीत गोंधळतात.

वाडी_नाका
ताई, हवा निघाली. एकदम बोटभर पातळी खाली गेली, मग हीटर असा तापला की खिडकी उघडावी लागली. काटा आता अर्ध्याच्या जरा खाली स्थिर. टेस्टर कधी आणून देऊ?

मानकापूरची_ताई
मला नको, थेट चंद्रपूरवाल्या भाऊंकडे द्या. त्यांनी मेसेज केलाय, ट्रक वाडीतच उभा आहे. त्यांच्या रेडिएटरच्या तोंडाला मोठा ॲडॅप्टर लागेल, डब्यात खाली आहे.